साजरा : वऱ्हाडातला 'सुंदर' नेमका आला कुठून?

तिफण

अकोल्याकडे एखादं माणूस, एखादं घर किंवा एखादं पीक नजरेत भरलं की तोंडून एकच शब्द निघतो, साजरं. 'पोरगी साजरी हाये.' 'यंदा पऱ्हाटी साजरी हाये.' 'भाकर साजरी फुगली.' 'सुंदर' आम्हाला शाळेत भेटला आणि बहुतेकांच्या बाबतीत तो वहीतच राहिला. घरात, वावरात, लग्नाच्या मांडवात सगळीकडे साजराच.

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा लक्षात आलं की इथे फक्त सण आणि वाढदिवस साजरे होतात. माणसं साजरी नसतात. मागे आई इथे आली होती. शेजारच्या मुलीला नव्या साडीत पाहून ती म्हणाली, 'किती साजरी दिसतं व माय तू!' मुलगी हसली, पण तिला अर्थ लागला नव्हता. 'कसला सण आहे का, काकू?' असं तिने विचारलं. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात घर करून आहे.

आमच्याकडे त्याचा पसारा दिसण्यापुरता नाही. 'साजरं बस' म्हणजे नीट बस. 'तब्येत साजरी हाये ना?' म्हणजे बरी आहे ना. आणि कोणी थोरामोठ्यांसमोर वाट्टेल ते बोललं, तर 'हे काई साजरं नाई' म्हणजे हे शोभत नाही. रूप, गुण, आरोग्य, रीतभात सगळं एका शब्दात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा शब्द आला कुठून? आणि 'सण साजरा करणे' मधला साजरा आणि आमचा साजरा एकच की वेगळे? तुमच्या भागात 'देखणं' याला काय म्हणतात तेही लिहा. मात्र 'वऱ्हाडीत शब्दांची मोडतोड होते' एवढ्यावर कोणी विषय मिटवू नये. तसं उत्तर मी शाळेपासून ऐकत आलोय आणि ते मला कधीच पटलेलं नाही.

संत्राबर्डी

तिफण दादा, मी वरूडची. तुम्ही लिहिलेलं अक्षर न अक्षर आमच्याकडेही तसंच आहे.

एक भर घालते. मुलगी पाहून आल्यावर आमच्याकडच्या बायका घरी येऊन सांगतात, 'पोरगी सावळी हाये, पण नाकीडोयी साजरी हाये.' नाकीडोयी म्हणजे नाकीडोळी. आमच्याकडे ळ चा य होतो हे वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. वाक्य नीट ऐका. साजरी होण्यासाठी गोरं असावं लागत नाही. 'गोरीगोमटी' म्हटलं की रंग आधी येतो आणि रूप मागून. 'साजरी' मध्ये रंगाचा हिशेबच नाही. चेहऱ्यात, अंगलटीत, वागण्यात सगळं जिथल्या तिथे असलं की ती साजरी. सावळ्या मुलींच्या वाट्याला मोकळ्या मनाने येणारं हे कौतुक आहे, म्हणून मला तो शब्द फार जवळचा वाटतो.

घाटावरचा

साज हा फारसी शब्द आहे. साजिंदे, साजसामान, घोड्याचा साज, सगळं तिकडचंच. मग साजरा म्हणजे 'साज असलेला', सजवलेला. त्याच वाटेने आला असावा.

कृष्णाकाठ

सांगली-कोल्हापूरकडे देखणा, देखणी हे रोजचे शब्द. वस्तू किंवा काम फक्कड जमलं तर झ्याक. रुबाबदार, अंगात धमक असलेला गडी म्हणजे फाकडा.

फाकडा म्हटलं की इष्टुर फाकडा आठवतोच. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेलेला हा इंग्रज कप्तान स्टुअर्ट. वडगाव मावळला त्याची समाधी आहे. शत्रूच्या माणसाला आपल्या लोकांनी फाकडा म्हटलं ते काही त्याच्या नाकाडोळ्यांकडे पाहून नाही. त्याचं धाडस त्यांच्या नजरेत भरलं होतं. म्हणजे रूप आणि गुण एकाच शब्दात बांधण्याची सवय वऱ्हाडापुरती नाही.

शब्दशोधी

घाटावरचा, साजिंदे आणि साजसामान फारसी घरचे आहेत, मान्य. पण साजरा त्या वाटेने आलेला नाही. त्याचा पुरावा शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आहे.

साजऱ्याचं जुनं रूप साजिरा. 'साजिरं-गोजिरं' ही जोडी अजूनही बोलण्यात आहे. त्यातला 'इर' हा प्राकृतातला प्रत्यय. बाराव्या शतकात हेमचंद्राने सिद्धहेमशब्दानुशासन लिहिलं. त्याचा आठवा अध्याय पूर्णपणे प्राकृताला वाहिलेला आहे आणि त्यात या प्रत्ययासाठी स्वतंत्र सूत्र आहे : शीलाद्यर्थस्येरः. धातूला 'इर' लावला की तसं करण्याचा ज्याचा स्वभाव आहे तो, असा अर्थ होतो. त्याने दिलेली उदाहरणं पाहा : हसिर, लज्जिर, भमिर. वररुचीच्या प्राकृतप्रकाशातही हाच नियम आहे. गाथासप्तशती वाचणाऱ्याला अशी विशेषणं ठायी ठायी भेटतात, आणि ती तर आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातली, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली.

आता हसिर जरा मोठ्याने म्हणा. हसरा ऐकू येतो की नाही? लज्जिर म्हणजे लाजरा. याच साच्यातले आपले रोजचे शब्द म्हणजे नाचरा, बुजरा, बोचरा, दुखरा, चावरा, कापरा. मधला इ बोलता बोलता गळाला. लाजिरवाणा आणि गोजिरवाणा यांत मात्र तो अजून टिकून आहे. साजणे या क्रियापदापासून साजिरा, आणि साजिऱ्यापासून साजरा. जसा हसणारा हसरा, तसा साजणारा साजरा.

हा प्रत्यय क्रियापदाला लागतो, वस्तूच्या नावाला नाही. दागिना या अर्थाच्या फारसी नामाला तो चिकटला असं मानायला मला आधार दिसत नाही. अर्थही जुळत नाही. फारसी साज बाहेरून चढवावा लागतो. साजरा माणूस सजवलेला नसतो, मुळातच साजणारा असतो. संत्राबर्डी ताईंनी लिहिलेल्या वाक्यातली मुलगी दागिन्यांमुळे साजरी ठरलेली नाही, हे ध्यानात घ्या.

उच्चाराचंही सांगतो. साजिरा मधला ज 'जीव', 'जिरे' यांतल्यासारखा टाळूवरचा आहे. साजरा मधला ज 'जाड', 'जवळ' यांतल्यासारखा दातांशी उमटणारा. इ होता तोवर ज टाळूवर राहिला, इ गेला तसा तो पुढे सरकला. आजच्या मराठीत अस्सल देशी शब्दांत ज कुठला येणार हे बहुतेक वेळा पुढच्या स्वरावर ठरतं. साजरा ती शिस्त पाळतो. मोडतोड म्हणावं असं त्यात काहीच नाही.

तिफण

शब्दशोधी सर, मनापासून आभार. हसरा, लाजरा यांच्या पंगतीत साजरा बसतो हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग 'हे तुला साजत नाही' मधलं साजणं तेच ना? 'नावाला साजेसं काम' मधलंही तेच? तसं असेल तर आमच्याकडचं 'हे काई साजरं नाई' म्हणजे 'हे साजत नाही' याचंच दुसरं रूप झालं.

शब्दशोधी

अगदी तेच.

निंबोणी

मी मराठी शिकवते, म्हणून तिफण यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्याकरणाच्या अंगाने देते.

आपण म्हणतो, वाढदिवस साजरा केला, दिवाळी साजरी केली, पन्नासावं वर्ष साजरं केलं, सण साजरे केले. साजरा दर वेळी बदलतो. लिंग आणि वचन आधीच्या नामाप्रमाणे घेतो. आता यांच्याशेजारी ही वाक्यं ठेवा. वाडा पांढरा केला, भिंत पांढरी केली, घर पांढरं केलं, खांब पांढरे केले. दोन्हींची बांधणी एकच आहे. दुसरीकडे 'सुरू करणे' घ्या. दुकान सुरू केलं, शाळा सुरू केली, वर्ग सुरू केले. 'सुरू' हलत नाही.

म्हणजे प्रमाण मराठीतही 'साजरा' हे आजतागायत विशेषणच आहे. दिवाळी साजरी केली याचा अक्षरशः अर्थ दिवाळी सुंदर केली, सणाला त्याचं रूप दिलं. अंगण सारवलं, रांगोळी काढली, कंदील लावला, चार माणसं जेवायला घातली, तेव्हा तो दिवस साजरा झाला. पुण्या-मुंबईच्या मराठीत विशेषणाचा हा उपयोग 'करणे' आणि 'होणे' यांच्यापुरता उरला. लोकांना ते एक अख्खं क्रियापद वाटू लागलं आणि मूळ अर्थ झाकला गेला. वऱ्हाडात तोच शब्द पूर्वीसारखा मोकळा फिरतोय. मुलीला, पिकाला, भाकरीला, तब्येतीला, कुठेही लागतो.

तेव्हा तिफण, शब्द एकच आहे. तुमच्याकडे तो सगळा शिल्लक आहे, आमच्याकडे त्याचा एक तुकडा उरलाय.

घाटावरचा

वाढदिवस साजरा, दिवाळी साजरी. रोज बोलतो, पण हे रूप बदलतंय याकडे कधी बारकाईने पाहिलं नव्हतं. फार छान उलगडलंत, निंबोणी ताई. कोल्हापुरी साज मधला साज मात्र फारसीच ना?

शब्दशोधी

तिथे दोन प्रवाह मिसळलेत. संस्कृत 'सज्ज' पासून प्राकृतात सज्ज आणि मराठीत साज, हा एक. फारसी साज हा दुसरा. उच्चार सारखा, अर्थही जवळचा, त्यामुळे एकेका उपयोगापुढे कुळाचं नाव लिहिणं कठीण आहे. साजिंदा निःसंशय फारसी. गळ्यातल्या साजाबद्दल मी एका बाजूने कौल देणार नाही.

मांडवी

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे सुंदर म्हणजे सोबीत. 'सोबीत चली' (म्हणजे मुलगी), 'सोबीत गांव', 'सोबीत गोंय'. शोभित पासून आलेला, हे ऐकताच कळतं. 'सोबता' म्हणजे शोभतो. म्हणजे कोकणीतही तोच विचार आहे. जे सोबता ते सोबीत, जसं तुमच्याकडे जे साजतं ते साजरं.

दुसरा शब्द गोमटें. सोबीत कुठल्याही देखण्या गोष्टीला चालतं. गोमटें म्हणताना माया जास्त असते, लहान मूल, गोड चेहरा. मराठीत तो 'गोरागोमटा' या जोडीतच अडकून पडलाय असं वाटतं. एकटा कोणी वापरतं का?

चंद्रभागा

एकटा वापरला होता तुकोबांनी, आणि तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 'शुद्ध बीजापोटी । फळे रसाळ गोमटी ॥' फळ गोरं असण्याचा प्रश्नच नाही. गोमटं म्हणजे चांगलं, देखणं, निरोगी.

आपल्या पाठांतरात असे कितीतरी शब्द आहेत, जे आपण अर्थाकडे न पाहता म्हणतो. गणपतीच्या आरतीत 'हिरेजडित मुकुट शोभतो बरा'. हा बरा म्हणजे आजच्यासारखा 'ठीकठाक' नाही. सुंदर, उत्तम. ज्ञानदेवांच्या 'रूप पाहतां लोचनीं' या अभंगात 'तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा' आहे, तोच हा बरवा. मारुतिस्तोत्रात तर रांगच आहे. 'किरीटी कुंडले बरीं', 'घंटा किंकिणी नागरा', 'नेटका सडपातळू'. बरी, नागर, नेटका, तिन्ही देखणेपणाचे शब्द. नागर म्हणजे नगरातलं, म्हणून डौलदार. नेटका म्हणजे जिथे जेवढं हवं तिथे तेवढंच.

आज परीक्षेत कसे गुण मिळाले विचारलं आणि 'बरे' उत्तर आलं, तर आपण समजून जातो की फारसे नाहीत. एकेकाळी विठ्ठलाच्या रूपाला पुरलेला शब्द इतका खाली उतरला. साजऱ्याचं तसं झालं नाही. त्याची जागा आक्रसली, पण मान उतरला नाही.

बेळगावी

गोमट्याचा विषय निघालाय तर श्रवणबेळगोळला जाऊन यायलाच हवं.

गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बाहुबलीची ५७ फुटी मूर्ती घडवून घेतली. तिला आपण गोमटेश्वर म्हणतो. पायाशी देवनागरीत कोरलेलं 'श्री चावुण्डराजें करवियलें' हे मराठी वाक्य प्रसिद्ध आहे. गोमटेश्वर या नावाच्या उगमावर अभ्यासकांत बराच वाद झाला. एक मत असं की मन्मथ या शब्दाचं प्राकृत वळण होत होत ते झालं, कारण जैन परंपरेत बाहुबली हा कामदेवासारखा रूपवान मानला जातो. दुसरं मत डॉ. आ. ने. उपाध्ये यांचं. हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत. त्यांच्या मते गोम्मट हे चावुंडरायाचं घरगुती नाव होतं, आणि त्याचा ईश्वर तो गोम्मटेश्वर. नेमिचंद्राच्या 'गोम्मटसार' या ग्रंथाच्या नावात आणि ग्रंथातही चावुंडरायाचा उल्लेख याच नावाने येतो. उपाध्ये या गोम्मटाचं नातं मराठी-कोकणीतल्या गोमटा या शब्दाशी लावतात.

मला उपाध्यांचं म्हणणं जास्त पटतं. लाडक्या मुलाला घरात 'गोमट्या' म्हणावं इतकं ते साधं आहे, आणि ग्रंथातला पुरावाही त्याच बाजूचा आहे. आमच्या भागातले जैन शेतकरी अजून यात्रेला जातात, बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक असतो तेव्हा तर गावंच्या गावं निघतात. त्या नावात आपल्या बोलीतला 'देखणा' उभा आहे हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

देशीवाणी

शब्दशोधी, तुमची प्रत्ययाची मांडणी पक्की आहे. पण साजणे हे क्रियापद सज्ज पासून आलं, यावर मला शंका आहे.

सज्ज म्हणजे तयार. सैन्य सज्ज, घोडा सज्ज. तयार असण्यापासून शोभण्यापर्यंत अर्थाला बरीच मजल मारावी लागते. त्याऐवजी प्राकृतात एक धातू आयता आहे, छज्ज. हेमचंद्राने राज् धातूला, म्हणजे शोभणे, झळकणे या अर्थाला, प्राकृतात जे पर्याय सांगितले ते असे : अग्घ, छज्ज, सह, रीर, रेह. छज्जइ म्हणजे शोभतो. हिंदीत हाच छाजना झाला, अर्थ शोभून दिसणे.

आता मराठीची एक जुनी खोड. प्राकृतातला छ मराठीत येताना स होतो. हिंदीशी ताडून पाहा. छुरी म्हणजे आपली सुरी. छाल म्हणजे साल. छह म्हणजे सहा. पूछना म्हणजे पुसणे. मछली आणि मासा, बछड़ा आणि वासरू. मग छाजना म्हणजे काय होईल? साजणे.

आवाजाचा नियम जुळतो आणि अर्थाला कुठे ओढाताण करावी लागत नाही. साजणे म्हणजे शोभणे, साजरा म्हणजे शोभणारा.

शब्दशोधी

देशीवाणी, ही मांडणी जोरकस आहे. 'हे तुला साजत नाही' या वाक्यातला अर्थ छज्जइ मधून थेट निघतो, सज्ज मधून तो वळसा घेऊन काढावा लागतो. छ चा स झाल्यावर दोन्ही शब्द मराठीत सारखेच ऐकू येऊ लागले असणार. मग 'तयार करणे, मढवणे' हा एक अर्थ आणि 'शोभणे' हा दुसरा, दोन्ही एकाच घरात नांदायला लागले. साज चढवणे मध्ये सज्जचा अंश आणि साजरा मध्ये छज्जचा, अशी वाटणी मला आता जास्त सयुक्तिक वाटते. प्रत्ययाच्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही, दोन्ही बाजूंनी ते क्रियापदच आहे.

संत्राबर्डी

मग साजूक तुपातलं साजूक? आणि साजणी? सगळी एकाच घरची का?

देशीवाणी

नाही ताई, दोघांचं मूळ निराळं. साजूक येतो 'सद्य' कडून, म्हणजे आत्ताचं, ताजं. द्य चा प्राकृतात ज्ज आणि मराठीत ज होतो. अद्य चं आज झालं, विद्युत् ची वीज झाली, तसंच. साजूक तूप म्हणजे ताज्या लोण्याचं. आणि साजण, साजणी हे सज्जन पासून. चंद्रभागा यांनी सांगितलेल्या अभंगाच्या पहिल्याच ओळीत 'सुख जालें वो साजणी' आहे. ती साजणी म्हणजे सखी, देखणी नव्हे.

रायपूरवाली

आमच्या घराण्याला रायपुरात कैक पिढ्या झाल्या. घरात नागपुरी वळणाची मराठी बोलतो आणि साजरा आमच्याकडेही आहे. आजी सुनांच्या हातच्या पुरणपोळीला 'साजरी' म्हणायची आणि त्यापुढे दुसरं कौतुक नसायचं. बाहेर बाजारात मात्र छत्तीसगढी. त्यात सुंदर म्हणजे सुग्घर. सुघड पासून आलेला, म्हणजे चांगला घडलेला.

इथे आल्यापासून मी मनात शब्द मांडतेय. कोकणीत सोबीत म्हणजे शोभणारं. वऱ्हाडीत साजरं, तेही शोभणारं. छत्तीसगढीत सुग्घर म्हणजे नीट घडलेलं. देखणा हा एकच असा आहे की ज्यात पाहणारा आत येतो, बाकी सगळे शब्द वस्तूच्या स्वतःच्या ठाकठीकपणाबद्दल बोलतात.

कृष्णाकाठ

रायपूरवाली, देखण्याबद्दलचं तुमचं निरीक्षण फार आवडलं. देखणे म्हणजे पाहणे हे आमच्याकडे आता बोलण्यात राहिलं नाही, 'देखणा' तेवढा राहिला. 'देखावा' आणि 'देखरेख' हे त्याचेच सोबती.

तिफण

एक गोष्ट अजून सुटत नाही. शब्द इतका जुना आणि इतका रीतसर, तर मग पुण्याकडे तो आक्रसला आणि आमच्याकडे का टिकला?

शब्दशोधी

यात राजकीय नकाशाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलेलं होतं, कारभाराचं केंद्र नागपूर. मुंबई राज्यात विदर्भ आला तो १९५६ मध्ये. ज्या शंभर वर्षांत छापील मराठीचं वळण पुण्या-मुंबईला ठरत होतं, त्या काळात वऱ्हाड दुसऱ्याच राज्यव्यवस्थेत होतं. छापील भाषेने सुंदर उचलला, कारण तो संस्कृतातून तयार मिळत होता आणि लिहायला भारदस्त वाटत होता. वऱ्हाडात बोलण्यावर त्या छपाईचा दाब उशिरा आला.

आणि वऱ्हाडीला कोणी अशुद्ध म्हणालं तर त्याला रिद्धपूर दाखवा. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभावांचं मोठं ठिकाण. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ वऱ्हाडच्या मातीत तयार झाला. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच उभं राहिलंय, ते योग्यच झालं.

पूस_नदी

मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. निंबोणी ताईंना विचारायचं आहे. मुलं निबंधात लिहितात, 'माझी आई साजरी आहे', 'आमचं गाव साजरं आहे'. वरिष्ठ तपासायला आले की तिथे लाल रेघ मारतात आणि सुंदर लिहायला सांगतात. मुलं मान खाली घालतात. पुढच्या वेळी आईबद्दल दोनच ओळी लिहितात. मी काय करावं?

निंबोणी

ताई, रेघ मारू नका. 'माझी आई साजरी आहे' हे वाक्य व्याकरणाने चोख आहे. लिंग, वचन, विशेषणाची जागा, सगळं बरोबर. वरिष्ठांनी विचारलं तर दिवाळी साजरी करणे या वाक्प्रचारातलंच हे विशेषण आहे, एवढं सांगा. तो वाक्प्रचार त्यांच्याही बोलण्यात आहे.

वर्गात एक करता येईल. फळ्यावर साजरा लिहा आणि मुलांना विचारा, तुमच्या घरात काय काय साजरं असतं? यादी मुलांनीच सांगायची. मग शेजारी सुंदर, देखणा, नीट, बरा, शोभेसा असे शब्द लिहा आणि कुठल्या वाक्यात कुठला बसतो ते त्यांना ठरवू द्या. सुंदर त्यांना यायलाच हवा, पुढच्या परीक्षांना लागेल. पण तो साजऱ्याला हाकलून नको, त्याच्या शेजारी बसवून शिकवा.

हसरा, लाजरा, नाचरा, साजरा ही ओळही फळ्यावर मांडा. चौथीच्या मुलांना तो नियम आपला आपण सापडतो. मी माझ्या वर्गात हसरा, लाजरा, बोचरा इतके शब्द दिले होते, पुढचे दुखरा आणि चावरा मुलांनीच आणले.

पूस_नदी

सोमवारी घेते. आमच्या वर्गात गोंडी आणि बंजारा घरातली मुलंही आहेत, त्यांच्याकडचे शब्दही फळ्यावर येतील. यादी झाली की इथे टाकते.

संत्राबर्डी

नक्की टाका. आणि पोरांनी पिकांबद्दल काय सांगितलं तेही लिहा. आमच्याकडे संत्र्याचा बहार नीट धरला तर 'बहार साजरा हाये' म्हणतात. तिकडे कापसाला आणि तुरीला कसं म्हणतात ते वाचायचं आहे.